घरच्या केगचा नळ: प्रेशर, तापमान आणि पाइपची लांबी यांची जुळवणी

बिअरच्या केगचा, म्हणजे गॅसच्या दाबाखाली ठेवलेल्या पिंपाचा, नळ उघडला की ग्लासात पाऊण भाग फेस आणि तळाला चार बोटं बिअर. असं झालं की बहुतेकांचा हात आधी रेग्युलेटरकडे, म्हणजे सिलिंडरमधून केगमध्ये जाणाऱ्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या भागाकडे, जातो. प्रेशर १२ पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं एकक) ६ वर आणलं की त्या दिवसापुरता फेस आवरतो आणि इलाज सापडल्यासारखं वाटतं. मग तीन-चार दिवसांत बिअरमधला गॅस हळूहळू केगच्या वरच्या मोकळ्या जागेत आणि पाइपात निघून येतो, पाइपात बुडबुड्यांचे पट्टे दिसू लागतात, ग्लासात पुन्हा फेसच, आणि जी काही बिअर मिळते ती मिळमिळीत. फेस राहिला आणि फसफस गेली.

रेग्युलेटरचा आकडा फेस कमी-जास्त करण्यासाठी नसतोच. बिअर किती थंड आहे आणि तिच्यात किती गॅस हवा, या दोन गोष्टींवरून तो ठरतो आणि एकदा ठरला की त्याला हात लावायचा नाही. ग्लास किती वेगाने भरायचा ते पाइपच्या लांबीने सांभाळायचं. पुढचे आकडे १९ लिटरच्या बॉल लॉक (गॅस आणि बिअरचे जोड दाबून बसवायच्या) केगसाठी, फ्रिजमध्येच ठेवलेल्या पाइपसाठी आणि दारातून किंवा वरच्या टॉवरमधून (फ्रिजवर उभ्या केलेल्या खांबातून) काढलेल्या साध्या नळासाठी आहेत.

आकडा कुठून येतो

बिअरमधला गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात. २.५ व्हॉल्यूम म्हणजे १ लिटर बिअरमध्ये २.५ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला (शून्य अंश आणि साध्या हवेच्या दाबाला मोजलेला). बहुतेक एल आणि लागरला २.४ ते २.६ व्हॉल्यूम शोभतात. इंग्लिश धाटणीच्या बिटरला २ च्या आसपास पुरे. गव्हाच्या जर्मन बिअरला ३ च्या पुढे लागतात.

बिअर जितकी थंड, तितका गॅस तिच्यात सहज राहतो, म्हणून तेवढ्याच व्हॉल्यूमला थंड बिअरमध्ये प्रेशर कमी लागतं. २.५ व्हॉल्यूमसाठीचे आकडे असे:

२ अंश सेल्सिअस: १० पीएसआय
४ अंश: १२
६ अंश: १३.५ ते १४
८ अंश: १५.५
१० अंश: १७.५

म्हणजे अंशामागे साधारण १ पीएसआय. तापमान ४ अंशांवरच ठेवून गॅस बदलायचा असेल, तर २.२ व्हॉल्यूमला साडेआठ-नऊ पीएसआय, २.७ ला १४, ३ ला १७ आणि ३.५ ला साडेबावीसच्या आसपास. रेग्युलेटरवर बारचा काटा असेल तर १४.५ पीएसआय म्हणजे १ बार. १२ पीएसआय म्हणजे ०.८३. समुद्रसपाटीपासून बरेच उंच राहत असाल तर दर ६०० मीटरला १ पीएसआय वाढवा. गेज आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो आणि उंचावर ती हवाच विरळ असते.

यातलं तापमान म्हणजे केगमधल्या बिअरचं तापमान. फ्रिजच्या पॅनलवर दिसतं ते हवेचं. दार चार वेळा उघडलं की हवा ८ अंशांवर जाते, बिअर मात्र ४ वरच असते. आणि उलट, नुकताच आत ठेवलेला केग हवा थंड झाल्यावरही कितीतरी तास कोमटच राहतो. खोलीच्या तापमानाच्या १९ लिटरना पूर्ण थंड व्हायला एक अख्खा दिवस धरा. थर्मोस्टॅटचा प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. तो केगच्या पोटाला, बिअरच्या पातळीखाली, टेपने चिकटवा आणि त्यावर फोमचा एक तुकडा लावा. खरं तापमान हवं असेल तर लागोपाठ दोन ग्लास काढा आणि दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवा. पहिला ग्लास पाइप आणि नळ थंड करण्यात जातो, त्याचा आकडा धरायचा नाही.

पाइप: तक्त्यातली मेख

रेग्युलेटर १२ पीएसआयने ढकलतो आणि ग्लासात मात्र दाब शून्य. मधले १२ पीएसआय कुठेतरी जिरलेच पाहिजेत. ते पाइपच्या आतल्या घर्षणात हळूहळू जिरले तर बिअर शांतपणे बाहेर येते. पाइप आखूड असेल तर बिअर वेगाने धावते, उरलेला दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटतो आणि गॅस तिथेच उसळतो. फेस म्हणतात तो हाच.

५ मिमी आतल्या व्यासाच्या (नेमकं सांगायचं तर ४.७६ मिमी, म्हणजे ३/१६ इंची) साध्या व्हिनाइल पाइपसाठी फुटामागे ३ पीएसआय जिरतात असा आकडा बारवाल्यांच्या तक्त्यांत सर्रास दिलेला असतो. त्या हिशोबाने १२ पीएसआयला जेमतेम ४ फूट, म्हणजे १.२ मीटर पाइप पुरायला हवा. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत याच आकड्याने होते. तो बारमधल्या वेगासाठी आहे, मिनिटाला सुमारे पावणेचार लिटर, आणि त्या वेगालाही तो घरच्या पाइपवर चढाच निघतो. शिवाय बारमध्ये नळ दिवसभर वाहता असल्याने सतत थंड राहतो. घरचा नळ दोन ग्लासांच्या मध्ये तासभर गरम होत बसतो, त्यामुळे घरी वेग कमीच ठेवावा लागतो.

घरी चालतील अशा लांब्या, ४ अंश आणि १२ पीएसआयला:

५ मिमी व्हिनाइल: ३ मीटर
४ मिमी बॅरियर पाइप (हवा आत झिरपू न देणारा): १.६ ते १.८ मीटर
६ मिमी (पाव इंची) पाइप: घेऊच नका. याच कामाला तो दहा-बारा मीटर लागेल.

व्यासाचा परिणाम किती जबरदस्त असतो ते यात दिसतं. वेग तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. ५ ऐवजी ४ मिमी घेतला की मीटरमागचा अडथळा दुपटीहून जास्त होतो. लांबीचा परिणाम मात्र सौम्य असतो: लांबी दुप्पट केली तर वेग निम्मा होत नाही, फक्त एक तृतीयांशाने कमी होतो. म्हणून पाइप थोडा जास्त लांब राहिला तर बिघडत काही नाही, ग्लास भरायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात एवढंच. आखूड पाइप मात्र रोज त्रास देतो.

नवीन घ्यायचाच असेल तर बॅरियर पाइप घ्या. व्हिनाइलमधून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो आणि पाइपात रात्रभर थांबलेली बिअर सकाळी पुठ्ठ्यासारखी लागते. शिवाय आदल्या बिअरचा वास व्हिनाइल धरून ठेवतो. रूट बिअर किंवा आल्याचं पेय एकदा त्यातून गेलं की तो पाइप त्याच पेयाचा झाला. साठलेल्या बिअरचाही फरक पडतो: ५ मिमीच्या ३ मीटरमध्ये ५० मिली बिअर अडकते, ४ मिमीच्या १.८ मीटरमध्ये २२-२३ मिली. बॅरियर पाइप कडक असतो. काटेरी नोझलवर चढवायचा तर टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावं लागतं. त्याला पुश-इन कनेक्टर सोयीचे, पण टोक काटकोनात, स्वच्छ कापलेलं हवं. तिरकं कापलं की तिथून थेंब-थेंब गळतं. कात्री नको, पाइप कटर किंवा नव्या पात्याचा कटर वापरा.

उंचीचा हिशोब सोपा आहे. केगच्या मध्यापासून नळ जितका वर, तितक्या मीटरला साधारण दीड पीएसआय वजा. फ्रिजच्या दारातला नळ ५०-६० सेंमी वर असतो, म्हणजे पाऊण पीएसआय. टॉवर असेल तर मीटरभर, म्हणजे दीड. एवढ्याने पाइप एका वीतभराने आखूड चालतो. जास्त डोकं लावू नका.

जुळवणीचा क्रम

आधी गळती. केगला गॅस जोडा आणि झाकणाची कड, दोन्ही पोस्ट (केगवरची गॅसची आणि बिअरची जोडणीची टोकं), रेग्युलेटरचे सांधे, क्लॅम्प या सगळ्यांवर भांड्याच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. बुडबुडा फुगला की तिथे गळती. झाकण बसत नसेल तर काही क्षण २५-३० पीएसआय देऊन ओ-रिंग (रबरी कडी) दाबून बसवा, मग जादा गॅस सोडून प्रेशर परत खाली आणा. सिलिंडरच्या गेजवर भरवसा ठेवू नका. आत द्रवरूप गॅस आहे तोवर काटा एकाच जागी राहतो, २० अंशांना सुमारे ५७ बार, फ्रिजमध्ये ४ अंशांना ३८ च्या आसपास. काटा पडायला लागला म्हणजे सिलिंडर संपतच आला. किती उरलंय ते वजनानेच कळतं. गळती नसेल तर १९ लिटरच्या एका केगला, गॅस भरण्यापासून रिकामा होईपर्यंत, १५०-२०० ग्रॅम गॅस लागतो. यापेक्षा बराच जास्त जात असेल तर साबणाचं पाणी पुन्हा काढा.

मग तापमान. थर्मोस्टॅट ४ वर लावा आणि एक अख्खा दिवस कशालाच हात लावू नका.

मग गॅस. घाई नसेल तर १२ पीएसआय लावून १० ते १४ दिवस केग तसाच सोडून द्यावा. बिअर त्या प्रेशरशी आपोआप जुळते आणि त्यापलीकडे एक थेंबही गॅस जास्त घेऊ शकत नाही. घाई असेल तर थंड बिअरवर ३० पीएसआय २४ तास द्या. मग सिलिंडर बंद करून केगच्या झाकणावरचा गॅस सोडायचा व्हॉल्व्ह ओढून प्रेशर सोडा, १२ वर आणा आणि आणखी दोन-तीन दिवस थांबा. ३० पीएसआयला केग मांडीवर घेऊन हलवत बसण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. तिच्यात गॅस किती गेला याचा काहीच अंदाज येत नाही, आणि नव्या केगमधल्या फेसाच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात तिच्यातूनच उगवतात.

रेग्युलेटर खाली आणताना एक लक्षात ठेवा. स्क्रू सैल केल्याने केगमधला दाब कमी होत नाही. तो सैल करून आधी केगचा व्हॉल्व्ह ओढून गॅस सोडा, मग स्क्रू हळूहळू आत घेत हव्या त्या आकड्यावर थांबा. नेहमी खालून वर जात आकडा लावला की काटाही जास्त खरं बोलतो.

आता मोजमाप. ग्लासात ५०० मिली पाणी ओतून त्या पातळीला बाहेरून टेपची खूण करा. पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा अर्धा मीटर जास्तच ठेवा. पहिला ग्लास बाजूला सारा. दुसऱ्या ग्लासाला घड्याळ लावा आणि नळ पूर्ण उघडा. खुणेपर्यंत भरायला १० ते १२ सेकंद लागले आणि वर दोन-अडीच सेंमी फेस राहिला तर जुळवणी झाली. १४-१५ सेकंद लागत असतील आणि बिअर शांत असेल तर हवं तर १५-२० सेंमी कापून पुन्हा बघा. कापायची घाई करू नका, कापलेला पाइप परत जोडता येत नाही. ७-८ सेकंदांत भरत असेल आणि फेस जास्त असेल तर पाइप आखूडच आहे. नवा, लांब तुकडा आणण्यावाचून इलाज नाही.

नळ अर्धवट उघडून वेग कमी करणं ही सगळ्यात जुनी खोड. बारीक फटीतून बिअर फाकून निघते आणि फेस दुप्पट होतो. दांडा बुडाशी धरा, एका झटक्यात पूर्ण उघडा, तसाच झटक्यात बंद करा. ज्या नळाला बाजूला वेगळी फ्लो कंट्रोलची कळ असते त्याची गोष्ट निराळी. तो वेग नळाच्या तोंडाशी न तोडता मागेच कमी करतो. एकाच फ्रिजमध्ये वेगवेगळ्या प्रेशरच्या बिअर ठेवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. तरी त्याच्याही मागे दीड मीटर पाइप ठेवाच, सगळा भार कळीवर टाकला की फेस परत येतो.

पाइप आखूड आहे आणि पाहुणे दारात आहेत, अशा वेळी डिप ट्यूबमध्ये, म्हणजे केगच्या तळातून बिअर वर आणणाऱ्या नळीत, इपॉक्सी (दोन भागांचा गोंद) मिसळायची प्लास्टिकची नागमोडी काडी घालून अडथळा वाढवण्याचा जुगाड चालतो. पण काडीच्या वळणांत घाण अडकते आणि ती धुता येत नाही. एका संध्याकाळपुरता ठीक.

फेस नेमका कुठे सुरू होतो

अंदाजाने एकामागून एक गोष्टी बदलत बसण्यापेक्षा बॅटरी घ्या, फ्रिज उघडा आणि पाइपाकडे नीट बघा. नळ बंद असताना एकदा, कुणीतरी नळ उघडलेला असताना एकदा.

नळ तीन-चार तास बंद असताना पाइपाच्या वरच्या टोकाला, शँकच्या (पाइप नळाला जोडणाऱ्या तुकड्याच्या) अलीकडे, बोटभर लांबीचा हवेसारखा पोकळ पट्टा दिसत असेल, तर गॅस बिअरमधून सुटून वर जमतोय. एक तर तो भाग गरम आहे, नाही तर रेग्युलेटरचं प्रेशर बिअरमधल्या गॅसला पुरेसं नाही. फक्त पहिला ग्लास फसफसतो आणि दुसऱ्यापासून सगळं ठीक होतं, हेही गरम नळाचंच लक्षण. फ्रिजच्या तळाशी ३ अंश आणि वरच्या कोपऱ्यात ८ हे सहज होतं. टॉवर तर खोलीच्याच तापमानाला येतो. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा आत बसवा म्हणजे हवा सारखी होते. टॉवर असेल तर पंख्याला प्लास्टिकची नळी जोडून थंड हवा टॉवरच्या टोकापर्यंत फुंका आणि टॉवरच्या आत फोम गुंडाळा. पाइपाची गुंडाळी केगच्या डोक्यावर आडवी ठेवा, दाराला टांगून नको.

नळ उघडल्या क्षणापासून बारीक बुडबुड्यांची सलग धार थेट केगच्या काळ्या डिस्कनेक्टपासूनच (पोस्टवर बसणाऱ्या जोडापासूनच) निघत असेल, तर दोष केगमध्ये आहे आणि पाइप कितीही वाढवलात तरी तो जाणार नाही. इथे बहुतेक वेळा गुन्हेगार एक बारीकशी ओ-रिंग असते. बिअरच्या पोस्टखाली, डिप ट्यूबच्या कॉलरला ती बसलेली असते. ती फाटली किंवा सुकली की वरच्या मोकळ्या जागेतला गॅस तिच्या कडेने घुसून थेट बिअरच्या प्रवाहात मिसळतो. बाहेर काही गळत नाही, साबणाच्या पाण्यात काही दिसत नाही, म्हणून माणसं आठवडेच्या आठवडे पाइप बदलत बसतात. केगचं प्रेशर पूर्ण सोडा, पोस्ट पान्याने उघडा, ट्यूब वर खेचा, जुनी ओ-रिंग काढून नवी घाला आणि तिला खाण्यायोग्य ग्रीसचं बोट लावा. उघडलंच आहे तर पॉपेटही (पोस्टमधली स्प्रिंगची छोटी झडप) बघून घ्या. हॉप्सचा एखादा कण त्याच्या जाळीत अडकला तरी बिअर तिथे घुसळून निघते. पोस्ट परत लावताना गॅसची आणि बिअरची अदलाबदल होऊ देऊ नका. राखाडी डिस्कनेक्ट गॅसचा, काळा बिअरचा; चुकीचा जोडला तर बसतो, पण निघताना रडवतो.

ओ-रिंग नवी, पॉपेट साफ, तरी डिस्कनेक्टपासूनच बुडबुडे? मग बिअरमध्येच गॅस जास्त झालाय. याची खात्री करता येते. गॅसच्या डिस्कनेक्टला छोटा गेज जोडून घ्या. केगचा गॅस बंद करा, व्हॉल्व्ह ओढून वरचा गॅस सोडा, गेज लावा आणि केग दोन-तीन मिनिटं हलवा. काटा जिथे स्थिरावेल तो बिअरमधल्या गॅसचा खरा दाब. ४ अंशांना काटा १२ च्या जवळ असेल तर गॅस बरोबर आहे, १८-२० दाखवत असेल तर ३ व्हॉल्यूमच्या वर गेलाय. उतारा असा: गॅस तोडून ठेवा आणि दिवसातून चार-पाचदा व्हॉल्व्ह ओढा, दोन दिवस. व्हॉल्व्ह हळू ओढा, भरलेल्या केगमधून फेस थेट तोंडावर येतो. केग हलवल्यावर काटा १२ ला थांबू लागला की गॅस परत जोडा.

पाइप थेट शँकपर्यंत काचेसारखा स्वच्छ आणि तरी ग्लासात फेस? मग नळ. आत चिकट थर जमलाय, नळ कोमट आहे किंवा तो नीट उघडत नाही. जुन्या पद्धतीच्या नळांत झडप मागे असते, त्यामुळे तोंडाशी बिअर उघडी राहून सुकते, दांडा चिकटतो आणि बुरशी धरते. पुढे झडप असलेला नळ थोडा महाग पडतो, पण एकदाच घ्यायचा असतो.

ग्लास आणि धुलाई

सगळी जुळवणी बरोबर असूनही ग्लासाने घात होऊ शकतो. तेलकट बोटांचे किंवा साबणाचे अंश राहिले की फेस टिकत नाही, आणि बुडबुडे काचेच्या बाजूंना जागोजागी चिकटून बसतात. हे चिकटलेले बुडबुडे दिसले की ग्लास अस्वच्छ समजावा. बिअरच्या ग्लासांना वेगळा स्पंज ठेवा, दुधाच्या किंवा तेलाच्या भांड्यांबरोबर नको. ओतण्याआधी ग्लास आतून थंड पाण्याने ओला करा. कोरड्या काचेवर बिअर जास्त फेसाळते. डीप फ्रीझरमधला गोठवलेला ग्लास दिसायला झकास, पण बर्फाच्या कणांवर गॅस सुटतो आणि फेस होतो. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून अर्ध्याच्या वर भरा, मग सरळ करा आणि शेवटचा फेस मध्यावर पडू द्या. नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवायचं नाही.

पाइप दोन आठवड्यांनी धुवा. बीअर लाइनसाठीचा कॉस्टिक क्लीनर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात मिसळा, एका रिकाम्या केगमधून किंवा छोट्या पंपाने पाइपात भरा, १५ मिनिटं फिरवा. पंप नसेल तर २० मिनिटं भिजू द्या आणि मधून मधून नळ उघडून नवं द्रावण आत घ्या. मग निव्वळ पाणीच निघेपर्यंत पाण्याने धुवा. उकळतं पाणी वापरू नका, व्हिनाइल मऊ पडून क्लॅम्पमधून सुटतो. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावू नये, आणि ते ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. तीन महिन्यांनी एकदा ॲसिड क्लीनर फिरवा. बिअरमधल्या क्षारांचा खरखरीत थर कॉस्टिकने निघत नाही, आणि त्या खरखरीवरच बुडबुडे जन्मतात. दर धुलाईला नळ पूर्ण खोला, ब्रश आरपार घाला.

गॅसबद्दल एवढं पाळा. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला, रेग्युलेटरशिवाय केगला कधीच जोडलेला नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. बंद, छोट्या खोलीत सिलिंडर गळला तर तो जमिनीलगत साठतो आणि माणूस गुदमरतो. खोलीत हवा खेळती ठेवा. केगचं झाकण उघडण्याआधी व्हॉल्व्ह ओढून गॅस निघणं पूर्ण थांबलंय याची खात्री करा.

एका फ्रिजमध्ये दोन तऱ्हेच्या बिअर

४ अंशांना २.५ व्हॉल्यूमची लागर १२ पीएसआयवर आणि ३.५ व्हॉल्यूमची गव्हाची बिअर साडेबावीसवर ठेवायची, तर एकाच रेग्युलेटरला टी (गॅस दोन वाटांना फोडणारा जोड) जोडून भागत नाही. दोघांना वेगळे रेग्युलेटर, आणि दोघांच्या पाइपांची लांबीही वेगळी. हिशोब सोपा आहे. उंचीचा एक पीएसआय वजा केला तर लागरला जिरवायचे ११, गव्हाच्या बिअरला साडेएकवीस. ग्लास तेवढ्याच वेळात भरायचा तर लांबी जवळजवळ दुप्पट: ४ मिमी बॅरियर पाइप १.८ च्या जागी साडेतीन मीटर, ५ मिमी व्हिनाइल ३ च्या जागी सहा मीटरच्या आत-बाहेर. इतका लांब पाइप गुंडाळणं नको असेल तर त्या एका नळाला फ्लो कंट्रोलचा नळ बसवा. गव्हाच्या बिअरला थोडा जास्त फेस शोभतोही, तेव्हा ग्लास उंच घ्या आणि तीन बोटं जागा सोडा.

नायट्रोजनवरचा स्टाउट यात बसवू नका. त्याला तीन-चतुर्थांश नायट्रोजन आणि पाव कार्बन डायऑक्साइडचा मिश्र सिलिंडर, ३० ते ३५ पीएसआय, बारीक भोकांची चकती असलेला खास नळ आणि १.२ व्हॉल्यूमच्या आसपासची बिअर लागते. तिथे अडथळा ती चकतीच पुरवते, त्यामुळे वरच्या लांब्या तिथे लागू पडत नाहीत. लागरच्या २.५ व्हॉल्यूमने भरलेला केग त्या नळाला जोडलात तर ग्लासात फक्त फेस येईल, आणि तो पाइप कितीही वाढवला तरी येतच राहील.